मुंजाचे ठोंब

गेल्या कोजागिरीस येथील मंडळात एका विद्वान वक्त्यांनी ‘आपली मुळे’ या विषयावर पाऊण तास भाषण केले. शिंदे सरकारांच्या मागोमाग आपले पूर्वज उत्तरेत आले, त्यांनी या परक्या मातीत आपली मुळे खोल, अगदी खोल रोवली आणि म्हणूनच दोनशे वर्षांच्या वादळवाऱ्यात आपण उभे राहिलो, असा एकंदर भाषणाचा रोख होता. टाळ्या झाल्या, मसाला दूध झाले, मंडळी समाधानाने घरोघरी गेली. टाळ्या आम्हीही वाजविल्या. पण घरी येताना मनात एक खडा टोचत राहिला. ज्याने पस्तीसहून अधिक वर्षे राज्य शासनाच्या सेवेत माती व मुळे यांचाच हिशेब लिहिला, त्याच्या कानाला ‘खोल मूळ’ हा शब्द निराळा लागतो. खोल गेलेले मूळ झाडाला उभे ठेवते, यात शंका नाही. परंतु माती धरून ठेवते ते मूळ बहुधा दुसरेच असते. हे आम्हांला पुस्तकातून कळले असते तर बरे झाले असते. ते कळले एका वृद्ध शेतकऱ्याचे शेत वाहून गेल्यावर, आणि त्या प्रकरणात आमचा हात होता.

आमचा मुळांशी पहिला परिचय नाकाने झाला. लष्करातल्या आमच्या जुन्या घरात चैत्र सरला की आजी माठात वाळ्याची जुडी सोडी आणि दारांना खसच्या टट्ट्या लागत. ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना पंचेचाळीस अंशांचे कौतुक सांगावयास नको. टट्ट्यांवर तांब्याने पाणी मारण्याचे काम आम्हां भावंडांकडे असे. वाळा हे एखाद्या गवताचे नाव आहे हे आम्हांला ठाऊकच नव्हते. ते एका वासाचे नाव आहे, अशीच आमची समजूत होती. पुढे कृषी महाविद्यालयात शिकताना समजले की तो वास मुळांचा, आणि ही मुळे आडवी न पसरता सरळ खाली दोन-दोन, तीन-तीन मीटर जातात. नदीचा काठ धरून ठेवावयास याहून चांगले गवत शोधून सापडावयाचे नाही. त्याबरोबर हेही समजले की वासासाठी वाळा खणून काढावा लागतो, म्हणजे ज्याने काठ धरावयाचा त्यालाच काठातून उपटावयाचे. तेव्हापासून टट्टीवर पाणी मारताना ही एवढी टट्टी म्हणजे किती हात काठ, असा चोरटा हिशेब मनात येऊ लागला. सुटीत घरी आल्यावर आम्ही मोठ्या ऐटीने हे ज्ञान आजीला सांगितले. ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, “मग उपटणाऱ्याने तिथेच एक जुडी परत खोचावी. त्यात काय एवढं?” आमच्या ज्ञानाचा हा असा निकाल लागलेला पाहून आम्हांला थोडा रागच आला होता.

१९८३ साली आम्ही सेवेत रुजू झालो आणि पहिली काही वर्षे मुरैना जिल्ह्यात गेली. इंदूरच्या वाचकांना महूजवळचे जानापाव ठाऊक आहे. तिथे उगम पावणारी चंबळ माळव्याच्या काळ्या मातीतून आणि हाडौतीच्या खडकांतून वाट काढीत आमच्याकडे येते, तेव्हा तिच्या दोहों काठांना पिवळसर गाळमातीचे प्रचंड थर असतात. या थरांत पाण्याने कोरलेल्या घळींचे जे अफाट जाळे आहे त्याला इकडे बीहड म्हणतात. चित्रपटांनी बीहडांची ख्याती बंदुका आणि घोडे यांपुरती ठेवली. बंदूकवाले आम्हांला क्वचितच दिसले. आम्ही पाहिले ते असे: सकाळी शेतकरी शेतावर जातो आणि काल जिथे बांध होता तिथे आज वीस हात खोल खड्डा असतो. घळीचे तोंड नदीकडे, पण ती वाढते उलट्या दिशेने, डोक्याकडून, शेताच्या आत. देशात अशी घळींनी पोखरलेली जमीन जुन्या सरकारी अंदाजांप्रमाणे पस्तीस ते चाळीस लाख हेक्टर भरे. चंबळ, यमुना, मही या तिन्ही नद्यांचे काठ त्यात आले. आम्ही नोकरीस लागलो त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला दुसरा एक अंदाज आम्हांला अजून पाठ आहे: भारतातून दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती आपली जागा सोडते, म्हणजे हेक्टरी सरासरी सोळा टन. त्यातली एकोणतीस टक्के कायमची समुद्रात जाते, दहा टक्के धरणांत साठते, उरलेली इकडची तिकडे होते.

सर्वच माती सारखी का वाहत नाही, हा प्रश्न आम्हांला पहिल्यापासून ओढीत असे. वाळूचा कण जड असतो. पाणी त्याला उचलते आणि थोड्या अंतरावर टाकून देते. शिवाय रेताड जमिनीत पाणी मुरतेच इतके की वाहावयास फारसे उरत नाही. चिकणमातीचा कण अतिशय बारीक, पण तो शेजाऱ्याला घट्ट धरून बसतो. या दोहोंच्या मधला जो पोयट्याचा कण आहे त्याला ना वजन, ना चिकटण्याची वृत्ती. तो पहिल्या सरीला उठून चालू लागतो. चंबळेच्या काठी या पोयट्याचेच राज्य आहे. त्यात सेंद्रिय भाग नाममात्र असल्यामुळे ढेकूळ हातात घेऊन चुरगाळले की पीठ होते. आमच्या खात्याच्या दृष्टीने माती म्हणजे घनमीटर होते. तिचा स्वभाव पाहण्याची पद्धत नव्हती, आणि आम्हीही नवे असल्याने खात्याच्याच डोळ्यांनी पाहत होतो.

पावसाचा थेंब हा या व्यवहारातला पहिला गुन्हेगार. मोठा थेंब जमिनीवर येतो तो सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने, आणि उघड्या मातीवर त्याचा बारीकसा स्फोट होतो. झाड असले म्हणजे थेंब अडतो, ही सर्वसाधारण समजूत. ती अर्धीच खरी आहे. उंच झाडाच्या पानांवर थेंब गोळा होऊन अधिक मोठे होतात आणि पुन्हा खाली पडताना आपला वेग बहुतेक परत मिळवितात. झाडाखाली पालापाचोळा आणि गवत असेल तर चिंता नाही. तेही नसेल तर अशा झाडाखालची जमीन मोकळ्या मैदानापेक्षाही वाईट झोडपली जाते. म्हणून माती वाचवावयाची तर आधी पायाजवळ पाहावे, शेंड्याकडे मागाहून.

आता मुळांविषयी. १९३७ साली अमेरिकेत डिटमर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने राय या धान्याचे चार महिन्यांचे एक रोप पेटीतून अलगद काढून, माती धुऊन, त्याच्या मुळांची गणती केली. पेटी साधारण दोन घनफुटांची. मुळांची संख्या एक कोटी अडतीस लाखांच्या घरात गेली, आणि त्यांची एकूण लांबी भरली सहाशे किलोमीटरांच्या वर. ग्वाल्हेरहून निघून इंदूर ओलांडून जावे एवढी, तीही एका रोपाची! त्यांवरची केशमुळे धरली तर हिशेब दहा हजार किलोमीटरांच्या पुढे जातो. माती धरते ते हे तंतूंचे जाळे. सोटमूळ एखाद्या खुंटीसारखे असते. भोवतालची माती वाहून गेली तरी खुंटी उभीच राहते. बीहडात बाभळीची कितीतरी झाडे अशी हवेत मुळे लोंबवीत कड्यावर टिकून असलेली आम्ही पाहिली, झाड जागेवर आणि जमीन गेलेली. गवताचे तंतू मात्र कणाकणाला ओवून घेतात. जाडीच्या मानाने पाहिले तर बारीक मूळ ओढ सोसण्यात जाड मुळाहून बळकट ठरते, हे आज प्रयोगांनी पुरते सिद्ध झाले आहे. याखेरीज मुळे एक चिकट रस पाझरतात, त्यावर जिवाणू व बुरशी पोसतात, आणि बुरशीचे धागे मातीचे रवे बांधतात. तंतुमूळ जगते थोडे दिवस, मरते, त्याजागी दुसरे येते. ही ये-जा थांबली की रवे पुन्हा विस्कटतात. आणखी एक गोष्ट आम्हांला फार उशिरा कळली. मुळे दुप्पट झाली म्हणून धूप निम्मी होते असे त्रैराशिक येथे नाही. उघड्या मातीत जी पहिली थोडी मुळे येतात त्यांनीच धूप सर्वांत अधिक घटते. पुढच्या प्रत्येक भरीचा लाभ कमी कमी होत जातो. याचाच उलटा अर्थ असा की थोडे गवत उपटले तरी फार मोठे नुकसान होते.

हे कळले असते तर! १९८८ च्या आरंभी आमच्याकडे एका गावाच्या बीहडकाठी मातीचा लांब बांध घालण्याचे काम आले. शेतांचे पाणी घळीत कोसळण्यापूर्वी अडवावे आणि एका पक्क्या जागेवरून उतरवावे, ही कल्पना योग्यच होती व आजही आहे. बांधाच्या रेषेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या जमिनीची कड येत होती. सारे गाव त्यांना कक्का म्हणे, आम्हीही तेच म्हणू लागलो. या कडेवर मुंज गवताचे मोठमोठे ठोंब होते, पुरुषभर उंच, एकाला एक लागून. कक्कांच्या आजोबांनी लावलेले, असे सांगत. दरवर्षी ते कापून त्याचे दोर वळीत, छपरे शाकारीत, पण बुंधा कधी काढीत नसत.

मुंज म्हणताच वाचकांच्या डोळ्यांसमोर बटू उभा राहील, आणि ते बरोबरच आहे. आपल्या घरांत ज्या संस्काराला मुंज म्हणतात त्याचे नाव या गवतावरूनच आले, कारण बटूच्या कमरेची मेखला याच गवताची. आमच्या मुंजीत आठव्या वर्षी तो दोर कमरेला असा काचला होता की आम्ही रडलो होतो, आणि गुरुजी म्हणाले होते, काचायलाच हवा, त्याशिवाय धरणार कसा? पण वीस वर्षांनी कड्यावर तेच गवत उभे पाहून आमच्या डोक्यात मेखला आली नाही. डोक्यात आले ते मार्चअखेर, मंजूर झालेला पैसा आणि मोजमाप पुस्तकातला रकाना, ज्यात बांधाचा पाया ‘साफ’ केल्याची नोंद करावी लागते.

कक्का दोन वेळा आले. पहिल्यांदा नुसते उभे राहिले. दुसऱ्यांदा म्हणाले, “साब, जे मूंज रहन दो.” बांध दहा हात आत घ्या, माझी जमीन गेली तरी चालेल, पण हे ठोंब काढू नका, असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांना समजावून सांगितले की पक्का बांध झाल्यावर गवताची आवश्यकता उरणार नाही, आणि बांधावर आम्ही चांगली रोपे लावणार आहोत. आम्ही वयाने तिशीच्या आतले, पदवीधर, खाली सरकारी जीप. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, ठीक आहे, आपण शिकलेले आहात. यात उपरोध नव्हता. असता तर आज बरे वाटले असते.

ठोंब यंत्राने उपटले. मुळांचे तुटके भाग खालीच राहिले, खड्डे सैल मातीने भरले. बांधासाठी माती शेजारीच खणून काढली, आणि सोयीसाठी वरचा थर बाजूला सारून खालची घट्ट दिसणारी माती वापरली. ती वाळली की दगडासारखी होई, आणि आम्हांला हे बळकटीचे लक्षण वाटले. मार्चअखेर काम पुरे झाले. पहिल्या पावसाळ्यात बांध उभा राहिला, वरिष्ठांनी येऊन छायाचित्रे काढविली. रोपे शेळ्यांनी खाल्ली, तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

दुसरा पावसाळा १९८९ चा. जुलैमधल्या एका पहाटे निरोप आला. आम्ही पोहोचलो तेव्हा बांधाचा माथा जागच्या जागी होता, त्यावरून पाणी गेल्याची खूण नव्हती. पण बांधाच्या पोटात माणूस वाकून जाईल एवढे भुयार पडले होते. आमच्या डोळ्यांदेखत दुपारी त्याचे छत बसले. आत साठलेले सारे पाणी एका ठिकाणाहून निघाल्यामुळे घळीला जे कधी मिळाले नव्हते ते बळ मिळाले. त्या एका पावसाळ्यात ती कक्कांच्या शेतात पंचवीस-तीस हात शिरली, दोन फाटे फुटले, आणि दोन बिघे जमीन, जिच्यावर आदल्या हिवाळ्यात आम्ही मोहरी फुललेली पाहिली होती, खाली गेली. कक्का कड्यावर बसले होते. त्यांनी आम्हांला ताक आणून दिले. आम्ही ते प्यालो.

यापुढचे लिहिणे कठीण आहे, पण लिहावयाचे ठरविले आहे. बांध का फुटला याचा अहवाल आम्हांलाच द्यावयाचा होता. आम्ही लिहिले: अतिवृष्टीमुळे. तहसिलीच्या पर्जन्यमापकातील आकडे आमच्या समोर होते. दोन दिवसांचा पाऊस मिळून तीन इंचही नव्हता, आणि त्या भागात तो मुळीच असाधारण नाही. वरिष्ठांनी अहवाल पाहिला, एक भुवई वर केली आणि सही केली. काम दैवी आपत्तीत बसले, आम्ही सुटलो. बांधणीतील दोष असे लिहिले असते तर चौकशी झाली असती, कदाचित कक्कांच्या जमिनीच्या दुरुस्तीसाठी पैसा मागता आला असता. आमचे लग्न ठरले होते, बढतीची यादी निघावयाची होती. ही कारणे लिहून ती हलकी होतील असे नाही.

भुयार का पडले हे आम्हांला दोन वर्षांनी कळले, तेही घरापासून दूर. १९९१ मध्ये आम्हांला प्रशिक्षणासाठी वासदला धाडले. बडोद्याच्या वाचकांना हे गाव ठाऊक आहे, महीच्या पुलाजवळचे. महीकाठच्या घळींचा अभ्यास करण्यासाठी तिथे १९५० च्या दशकात केंद्र सरकारचे संशोधन केंद्र निघाले. घळीच्या तळाशी बांबू, उतारावर गवत, आणि माथ्यावर वळवणीचा बांध, अशी तिथली मांडणी पाहून आम्ही थक्क झालो, कारण तिथे गवताला बांधाइतकाच मान होता. एके दिवशी तिथल्या एका शिक्षकांनी दोन काचेच्या पेल्यांत स्वच्छ पाणी घेतले आणि दोन ढेकळे सोडली. एक ढेकूळ ओले होऊन तळाशी शांत बसले. दुसऱ्याभोवती हळूहळू दुधासारखा ढग पसरू लागला, आणि पंधरा मिनिटांत ढेकूळ दिसेनासे झाले. कोणी ढवळले नाही, पेला कोणी हलविला नाही. त्यांनी सांगितले की ही चोपण माती. हिच्या कणांना सोडियम चिकटलेले असते. कोरडी असताना दगड, पण पावसाचे निर्मळ पाणी लागताच कण एकमेकांना सोडून देतात. अशा मातीत पाण्याला एखादी उंदराची वाट, भेग किंवा कुजलेल्या मुळाची पोकळी मिळाली की पुरे. आत शिरलेले पाणी भिंती विरघळवीत जाते, नळी होते, नळीचे भुयार होते, आणि छत बसले की तीच नवी घळ.

कुजलेल्या मुळाची पोकळी! आम्ही उपटलेल्या ठोंबांची तुटकी मुळे सव्वा वर्षात कुजली होती, आणि तीही चोपण मातीच्या बांधाखाली, जिथे पाणी साचावे अशी आम्हीच व्यवस्था केली होती. जिवंत मुळाने जी माती शंभर वर्षे धरली तिच्यातून मेलेल्या मुळाने पाण्याला वाट दिली. चांगल्या रवाळ जमिनीत हीच पोकळी उपकारक असते, पाणी मुरविते, हवा खेळविते. मूळ चांगले की वाईट, हे मातीला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. त्या रात्री वासदच्या वसतिगृहात आम्हांला झोप आली नाही.

त्यानंतर नोकरीत शहाणपणाने वागण्याचा प्रयत्न केला. जिथे बांध घातला तिथे आधी पेल्यात ढेकूळ टाकून पाहिले. कनिष्ठ सहकारी याला ‘साहेबांचा चहा’ म्हणत. चोपण माती निघाली तर जिप्सम मिसळावे, म्हणजे त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकावून कण पुन्हा जुळविते; ते न जमल्यास पाणी साठू न देता पसरवून उतरवावे; आणि कडेला मुंज, कास, वाळा, अंजन, मारवेल, जे असेल ते राहू द्यावे. पण सगळे काही आमच्या हाती नव्हते. १९८० च्या दशकात बीहडांवर विमानातून विलायती बाभळीचे बी टाकण्यात आले होते, आणि ते झाड असे काही माजले की वरून पाहणाऱ्याला बीहड हिरवे झाले असे वाटावे. सरपण मिळाले, हे खरे, आणि गरिबाच्या चुलीला कमी लेखू नये. परंतु आम्ही त्या झाडांखाली अनेकदा गुडघ्यांवर बसून पाहिले आहे. खाली गवताचे पाते नाही, उघडी पिवळी माती, तिच्यावर थेंबांनी पाडलेल्या खळग्या. गोमंतकीय वाचकांना खाजणांचे बांध आणि त्यांच्या पायाशी उभी खारफुटी आठवेल. तिथल्या पूर्वजांनी विमानाशिवायच हे प्रकरण अधिक बरे सांभाळले होते.

कक्का १९९० नंतरच्या दशकात गेले. आम्ही त्या जिल्ह्यातून बदलून गेलो होतो आणि त्या गावाकडे पुन्हा पाऊल टाकले नव्हते. कारण सांगावयास नको. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, २०२३ च्या हिवाळ्यात, एका लग्नाहून परतताना गाडी त्या रस्त्याला लागली आणि आमच्या सौ. म्हणाल्या, “इतकी वर्षं नाव काढता, एकदा जाऊन तरी या.” त्यांना सगळे ठाऊक आहे, लग्नानंतर पहिल्या वर्षीच सांगितले होते.

घळ अजून होती, पण आम्ही समजत होतो तेवढी पुढे सरकली नव्हती. तिच्या नव्या माथ्यावर अर्धवर्तुळात मुंजाचे ठोंब उभे होते. कक्कांनी तो पावसाळा संपताच उपटलेल्या ढिगातले जिवंत बुंधे शोधून, तोडून, एकेक करून पुन्हा खोचले होते. आमच्या आजीने पोळ्या लाटता लाटता जे सांगितले तेच. ऑगस्ट २०२१ च्या पावसात श्योपूर, शिवपुरी, दतिया, भिंड या जिल्ह्यांत हाहाकार झाला, पूल गेले; त्याही वर्षी या कडेचा थोडासाच तुकडा सुटला, असे कक्कांच्या नातवाने दाखविले.

नातू पस्तिशीचा, ट्रॅक्टर बाळगणारा, अगत्यशील. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्याने खाट टाकली. त्याच्या मनात एक बेत होता. भाड्याने जेसीबी आणून घळीचा माथा पाडावयाचा, भर घालावयाची आणि ठोंब काढून सारे एकसारखे शेत करावयाचे. या भागात हल्ली असे पुष्कळ ठिकाणी करतात, आणि दोन-चार वर्षे पीकही येते. त्याने आम्हांला सरळ विचारले, “साब, तुम्ही तर याच खात्यात होता. यासाठी काही योजना आहे का?”

आम्ही घरातून पेला मागविला. कड्याच्या खालच्या थरातून एक ढेकूळ आणविले आणि पाण्यात सोडले. सगळे घर भोवती जमले, एक आजीबाई पदर डोक्यावर ओढून दारात उभ्या राहिल्या. ढग पसरला. पोरे हसली, त्यांना ती जादू वाटली. नातू हसला नाही. त्याने पेला उचलून उजेडात धरला. तेव्हा आम्ही त्याला ३४ वर्षांपूर्वीच्या अहवालाची गोष्ट सांगितली, पाऊस किती होता आणि आम्ही काय लिहिले ते. सांगताना आमचा आवाज नीट राहिला नाही. तो शांतपणे म्हणाला, “ते आम्हांला माहीत आहे, साब. पटवाऱ्याने तेव्हाच बाबांना सांगितलं होतं.” म्हणजे ताक दिले त्यानंतर काही दिवसांतच त्यांना ते कळले असावे. पुढे दोन वेळा ते आमच्या कार्यालयात इतर कामासाठी आले होते, बाकावर बसले होते, आम्हांला रामराम घातला होता. अहवालाचा शब्दही त्यांनी काढला नव्हता.

जेसीबीविषयी बराच खल झाला. त्याचेही खोटे नव्हते. दोन भाऊ, जमीन थोडी, मुलीचे शिक्षण. शेवटी असे ठरले की आतली उंचसखल जमीन त्याने सपाट करावी, पण कडेचे दहा हात आणि त्यावरचे ठोंब तसेच ठेवावे, आणि भरीच्या मातीत जिप्सम घालावे. जिप्सम कुठे मिळते, एकरी किती लागेल आणि माती तपासून कुठे घ्यावी, हे आम्ही कागदावर लिहून दिले. खाली सही केली, तारीख घातली.

गेल्या सप्टेंबरात त्याने फोनवर छायाचित्र पाठविले. शेत सपाट झाले आहे, बाजरी उभी आहे. कडेचे ठोंब आहेत, पण पट्टा दहा हात दिसत नाही, सहाएक असावा. आम्ही चष्मा लावून, चित्र मोठे करून पाहिले. डावीकडच्या टोकाला, शेवटच्या ठोंबाच्या पलीकडे, जमिनीत मुठीएवढे भोक आहे. आम्ही लगेच फोन लावला. उंदराचे असेल, तो म्हणाला. आम्ही सांगितले, असो कोणाचे, आजच खणून तळापर्यंत उघडे कर, चांगली माती जिप्सम घालून, ओली करून, ठोकून भर, आणि वर एक बुंधा खोच. तो हो म्हणाला. पाऊस अजून पंधरा दिवस होता.